व्ही-८ ला कार्बोरेटर किती मोठा? कोल्हापूरच्या हवेचा आणि पेट्रोलचा हिशेब

३५० क्युबिक इंचाच्या, म्हणजे ५.७ लिटरच्या, रस्त्यावर चालवायच्या व्ही-८ इंजिनाला ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा सोडणारा, कार्बोरेटर पुरून उरतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. इंजिन उघडून, बोअर मारून, नवे पिस्टन-रिंगा बसवून झाल्या की मालकाच्या डोक्यात ७५० किंवा ८५० चा आकडा पक्का बसलेला असतो. एवढा खर्च केलाय, आता कार्बोरेटरमध्ये हात आखडता कशाला, असा तो विचार. मग गाडी सिग्नलवरून उठताना गचका खाते, प्लग काळे पडतात, पेट्रोल नुसतं जळत राहतं, आणि दोष टायमिंगला, कॉइलला, पंपावरच्या पेट्रोलला दिला जातो. खरी चूक कार्बोरेटर विकत घेतानाच झालेली असते.

हवेचा हिशेब

चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाइतकी हवा ओढतं. म्हणून लिटरमधलं माप गुणिले आरपीएम, भागिले दोन. रस्त्यावरच्या इंजिनाचे सिलिंडर सहसा शंभर टक्के भरत नाहीत. साध्या हेड आणि साध्या कॅमवर ८० ते ८५ टक्के धरावं, चांगले हेड, हेडर आणि गरम कॅम असेल तर ९० च्या पुढे.

३५० चं माप ५.७३५ लिटर. ५५०० आरपीएम धरले तर ५.७३५ × ५५०० ÷ २ = १५,७७१ लिटर. त्याचे ८५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १३,४०० लिटर. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ४७३ सीएफएम. क्युबिक इंचातच करायचं असेल तर क्युबिक इंच × आरपीएम ÷ ३४५६, आणि त्याचे ८५ टक्के. उत्तर तेच येतं. बोअर ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा केला असेल तर ३५० च्या जागी ३५५ धरा, फार फरक पडत नाही.

याच रीतीनं फोर्डच्या ३०२ ला ५५०० वर ४०८ सीएफएम लागतात, क्रायस्लरच्या ४४० ला ५००० वर ५४१ आणि शेव्हीच्या ४५४ ला ५५०० वर ६१४. म्हणजे ३०२ ला ५०० ते ६००, ३५० ला ६००, ४४० ला ६०० ते ६५० आणि ४५४ ला ७५० हे बाजारात मिळणारे जवळचे आकडे. हिशेबात आरपीएम टाकताना प्रामाणिक राहा. कॅमची ओढ जिथे संपते तो आकडा टाकायचा, टॅकोमीटरवर शेवटी छापलेला नाही. गगनबावड्याच्या रस्त्याला दुसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमवर पूर्ण एक्सलेटर दाबला तरी ३५० फक्त २५८ सीएफएम हवा मागतं, आणि गाडीचं निम्मं आयुष्य याच आरपीएममध्ये जाणार आहे.

(दारात व्ही-८ नसेल तरी हिशेब हाच. जुन्या जीपचं २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन ४००० आरपीएमवर ८० टक्के भरणानं १२४ सीएफएम ओढतं. त्यावर मोठ्या गाडीचा दोन गळ्यांचा कार्बोरेटर बसवून काय मिळणार, ते यावरून कळेल.)

यावर एक मुद्दा हमखास येतो: १९६७ च्या कॅमेरो झेड-२८ ला शेव्हरोलेनं ३०२ इंजिनावर हॉली कंपनीचा ७८० सीएफएमचा कार्बोरेटर दिला होता, मग आम्ही का नको? दिला होता, बरोबर आहे. ते इंजिन ट्रान्स-अ‍ॅम रेससाठी बांधलेलं होतं, ११ कॉम्प्रेशनचं आणि ७००० च्या पुढे फिरणारं. शिवाय त्या चार गळ्यांच्या हॉलीच्या मागच्या दोन गळ्यांची दारं व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीनं, उघडणारी होती. उलटं उदाहरणही आहे. पॉन्टिॲकनं १९६६ मध्ये ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरच्या स्प्रिंट इंजिनावर क्वाड्राजेट हा चार गळ्यांचा कार्बोरेटर बसवला आणि तो व्यवस्थित चालला. क्वाड्राजेटच्या मागच्या गळ्यांवर हवेच्या ओढीनं उघडणारी झडप असते, इंजिन मागेल तेवढीच ती उघडते. तेव्हा आकड्याइतकंच, मागची दारं कशी उघडतात हेही बघावं लागतं.

मोठा लावला तर नक्की काय बिघडतं

कार्बोरेटरच्या मुख्य जेटमधून (पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकातून) पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. व्हेंच्युरीच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, आणि बाउलवरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीवरच्या, बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. गळा मोठा झाला की तीच हवा हळू जाते, ओढ कमी पडते, पेट्रोल उशिरा आणि थेंबाथेंबानं येतं. उसावर फवारणी करणाऱ्याला हे सांगायला नको: नोझलचं भोक मोठं झालं की फवारा जातो आणि नुसती धार पडते. ती धार मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटते. एका सिलिंडरला ओलं मिक्स्चर मिळतं, शेजारच्याला सुकं. म्हणून एकाच इंजिनातले काही प्लग काळे आणि काही पांढरे निघतात, आणि जेट कितीही बदलले तरी आठही प्लग सारखे होत नाहीत.

लेबलवरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. चार गळ्यांचे कार्बोरेटर १.५ इंच पाऱ्याच्या ओढीवर मोजतात, दोन गळ्यांचे ३ इंचांवर. दोन गळ्यांच्या ५०० सीएफएमला १.४१ नं भागलं की ३५४ राहतात. दोघांची सरळ तुलना करून फसू नका.

आणि बसवल्यानंतरची खात्री. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडून, नळी केबिनमध्ये घेऊन, मोकळ्या रस्त्यावर शेजारच्याला गेज वाचायला सांगा. पूर्ण एक्सलेटर आणि वरच्या आरपीएमला गेजवर १.५ इंचांपेक्षा जास्त ओढ उरली असेल तर कार्बोरेटर खरंच लहान पडतोय. अर्धा-एक इंच दिसत असेल तर तो पुरेसा आहे, मोठा घेण्यात पैसे घालवू नका.

मागची दारं: व्हॅक्यूम की मेकॅनिकल

ऑटोमॅटिक गिअर, जड गाडी, ३.०८ सारखं लांब अ‍ॅक्सल, आणि शहरातून चालवायची असेल तर व्हॅक्यूम सेकंडरी, म्हणजे हवेच्या ओढीनं उघडणारी मागची दारं. हलकी गाडी, हातानं टाकायचे गिअर, ३.७३ किंवा त्याहून मोठ्या आकड्याचं छोटं अ‍ॅक्सल आणि वर फिरणारा कॅम असेल तरच मेकॅनिकल, म्हणजे मागची दारंही एक्सलेटरच्या दांडीनंच उघडणारा डबल पंपर. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत डबल पंपर घेऊन सरकणं म्हणजे पेट्रोलचे आणि पायाचे हाल आहेत.

व्हॅक्यूम सेकंडरीबद्दल गैरसमज फार. तिची ओढ मॅनिफोल्डमधून येत नाही, पुढच्या गळ्याच्या व्हेंच्युरीतून येते. त्यामुळे गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली तर मागची दारं उघडत नाहीत, आणि ‘सेकंडरी जाम आहे’ असं म्हणून कोणीतरी तिथे स्क्रू टाकून ती पुढच्या दारांना बांधून टाकतो. बांधलं की गाडी मरते, कारण मागच्या गळ्यांना अ‍ॅक्सिलरेटर पंपच (एक्सलेटर दाबताच पेट्रोलची धार मारणारा) नसतो. हवा एकदम शिरते आणि पेट्रोल मागून येतं. तपासायचं असेल तर डायफ्रामच्या दांड्यावर साधी कागदाची क्लिप अडकवून वर घराला टेकवा आणि एकदा दम लावून गाडी पळवून आणा. क्लिप जितकी खाली सरकली तितकी दारं उघडली. उशिरा उघडत असतील तर स्प्रिंग बदला: पांढरी सगळ्यात नरम, काळी सगळ्यात कडक. नरम करत जाताना जिथे पहिला गचका येईल त्याच्या एक पायरी मागे थांबा.

कुठला घ्यावा

पहिल्यांदाच व्ही-८ हाताळत असाल तर एडलब्रॉक परफॉर्मर ६०० घ्या. १९५७ पासून चालत आलेल्या कार्टर एएफबीचाच तो वंशज. बाउलच्या पातळीखाली पॅकिंग नसल्यानं तो सहसा गळत नाही आणि एकदा लागला की महिनोन्महिने हात लावावा लागत नाही. मीटरिंग रॉड (जेटमध्ये बसून त्याची वाट कमी-जास्त करणारी सळी) बदलायला वरचं झाकणही काढावं लागत नाही, एक छोटा स्क्रू सैल केला की रॉड हातात येते. आपल्याकडे पेट्रोल बदलत राहतं, त्यामुळे ही सोय मोठी आहे.

हॉली ४१६० किंवा ४१५० ला सुटे भाग भरपूर आणि बदल करायला वाव जास्त. ६०० ची व्हॅक्यूम सेकंडरीवाली १८५० ही त्यातली रोजच्या वापराची. तिच्या मागच्या बाउलमध्ये जेटऐवजी ठरावीक भोकांची प्लेट असते, ४१५० मध्ये मात्र दोन्हीकडे जेट बदलता येतात. ज्याला हळूहळू ट्युनिंग शिकायचंय त्यानं ४१५० घ्यावी.

क्वाड्राजेट १९६५ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला. पुढचे गळे बारीक, मागचे प्रचंड, त्यामुळे निवांत चालवताना अ‍ॅव्हरेज चांगलं. बाउल मध्यभागी असल्यानं घाटातल्या वळणांवर पेट्रोल हिंदकळून इंजिन अडखळत नाही. गाडीवर मूळचा आणि धड असेल तर तो काढून दुसरा लावायच्या फंदात पडू नका. जुना विकत घेताना मात्र बाउलच्या तळाचे प्लग बघा: ते पाझरतात, रात्रभरात बाउल मॅनिफोल्डमध्ये रिकामा होतो आणि सकाळी स्टार्टर रडेपर्यंत मारावा लागतो. प्लग साफ करून पेट्रोलला टिकणाऱ्या इपॉक्सीनं बंद करता येतात.

मॅनिफोल्डचं माप आधी घ्या. हॉली-एडलब्रॉकचा चौरस पाया साधारण १३१ बाय १४३ मिलिमीटर, क्वाड्राजेटचा १०८ बाय १४३. अ‍ॅडॉप्टर प्लेटनं जुळवता येतं, पण प्लेट म्हणजे आणखी एक पॅकिंग, हवा घेण्याची आणखी एक जागा, आणि बॉनेटखालची तेवढी उंची कमी.

ऑटोमॅटिकवाल्यांनी किकडाउनची (पूर्ण एक्सलेटरला खालचा गिअर पाडणारी) दांडी किंवा केबल नव्या कार्बोरेटरवर बरोबर बसते का ते गाडी सुरू करण्याआधी पाहावं. क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट आणि जीएमची ७००आर४ या दांडीवरूनच आतला तेलाचा दाब ठरवतात. ती न जोडता गाडी चालवली तर क्लच प्लेटा जळतात, आणि मग कार्बोरेटरच्या कितीतरी पट खर्च गिअरबॉक्सला.

कोल्हापूरची उंची, उसाचं पेट्रोल आणि एप्रिलचं ऊन

अमेरिकेतली माहितीपत्रकं समुद्रसपाटी धरून लिहिलेली असतात. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे ५ टक्के विरळ, त्यामुळे त्याच जेटवर मिक्स्चर अडीच-तीन टक्के रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल तेवढं जास्त होतं. फरक बारीक आहे. व्हॅक्यूम गेजवर मात्र तो स्पष्ट दिसतो: उंचीमुळे गेज जवळजवळ दोन इंच कमी दाखवतो. पुस्तकात स्लोवर (एक्सलेटर न दाबता) १८ इंच लिहिलं असेल तर इथे १६ दिसणं ठीक आहे. हे माहीत नसल्यानं कित्येक धडधाकट इंजिनांच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह संशयानं उघडले जातात.

हॉलीचा पॉवर व्हॉल्व्ह (ओढ कमी झाली की जादा पेट्रोल सोडणारी झडप) निवडतानाही हाच इथला आकडा वापरायचा. इंजिन तापवून, ऑटोमॅटिक असेल तर हँडब्रेक आणि चाकाखाली ओंडका लावून ड्राइव्हमध्ये टाकून, स्लोवरची ओढ बघा आणि तिच्या निम्म्याचा व्हॉल्व्ह टाका. ९ इंच आली तर ४.५ चा. त्यावर ४५ असा शिक्का असतो. ६५ म्हणजे ६.५. गरम कॅमच्या इंजिनावर ६५ तसाच राहिला तर तो स्लोवरच उघडा राहतो, आणि धूर, वास, ओले प्लग सगळं मागे लागतं. एडलब्रॉकमध्ये हेच काम रॉडखालची स्प्रिंग करते: निळी ३ इंच, पिवळी ४, नारंगी ५, गुलाबी ७, चंदेरी ८. कंपनीतून नारंगी येते.

पेट्रोलचा फरक उंचीपेक्षा मोठा आहे आणि उलट्या दिशेनं आहे. २०२३ पासून पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं, आता साधं पेट्रोल म्हणजे तेच. ज्या उसावर हा जिल्हा उभा आहे त्याच उसाचंही इथेनॉल आपल्या टाकीत येतं, तेव्हा ते समजून घ्यायला कोल्हापूरकरांनी मागे राहू नये. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, नाहीतर इंजिन लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालतं: एका वेगावर धरली तर हलके झटके मारतं, कार्बोरेटरमधून फुसफुसतं, चढाला तापतं.

आता दोन्ही जमेला धरा. ई-२० मुळे ८ टक्के लीन, उंचीमुळे ३ टक्के रिच. उरलं ५ टक्के लीन. हॉलीचा एक जेट नंबर वाढवला की साधारण साडेचार टक्के पेट्रोल वाढतं. म्हणजे कंपनीच्या जेटपेक्षा पुढे एक नंबर मोठा, ही इथली सुरुवात.

एडलब्रॉक १४०६ (परफॉर्मर ६०० मधलंच मॉडेल) मध्ये हे आणखी नेमकं करता येतं. तिचा पुढचा जेट ९८ थाऊ आणि रॉड ७५-४७. निवांत चालताना जेटमध्ये ७५ थाऊचा जाड भाग असतो, तेव्हा उरलेली वाट ९८ च्या वर्गातून ७५ चा वर्ग वजा करून येते: ९६०४ वजा ५६२५, म्हणजे ३९७९. रॉड ७३ ची टाकली तर ९६०४ वजा ५३२९, म्हणजे ४२७५. साडेसात टक्के वाढ, जवळजवळ हवी तेवढी. १४०६ मुळात अ‍ॅव्हरेजसाठी लीन बाजूला लावलेली असते, त्यामुळे थोडं जास्त झालं तरी चालतं. दोन थाऊची रॉड, स्टूलवर बसून दहा मिनिटांचं काम. तेवढ्यानं साठ-सत्तरच्या वेगातले झटके थांबतात.

घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांसाठी: करूळ घाटानं वैभववाडीला उतरलात की उंचीचे ते तीन टक्के गेले, मिक्स्चर तेवढं लीन झालं. म्हणून कोल्हापुरात अगदी कडेवर लीन लावून ठेवू नका.

एअर-फ्युएल गेज लावला असेल तर तो लॅम्डावर ठेवा. लॅम्डा म्हणजे मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला लागणारी हवा. १४.७ च्या मापाचा गेज ई-२० वरही पेट्रोलच्याच मापानं आकडा दाखवतो, आणि १३.५ चं गणित डोक्यात धरून पाहिलं की गोंधळ होतो. निवांत चालताना लॅम्डा ०.९५ ते १, पूर्ण एक्सलेटरला ०.८५ ते ०.८८.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. त्याचा काळा भुगा निडल-सीटमध्ये (बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या झडपेत) अडकतो आणि गाडी ओव्हरफ्लो होते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, एसएई जे-३० आर-९ किंवा आर-१४ शिक्क्याच्या घ्या. निडलचं टोक व्हायटनचं घ्या, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रामही इथेनॉलचाच. मीटरच्या भावानं मिळणारी साधी काळी नळी बॉनेटखाली नको, कारण ती फुटली तर पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं.

उन्हाळ्यात इंजिन बंद केल्यावर खालची उष्णता वर चढते, बाउलमधलं पेट्रोल उकळून गळ्यात ठिबकतं, आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. त्याला उपाय स्पेसर. उद्यमनगरात चार सुती, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या हायलम शीटमधून (उष्णता सहज न नेणाऱ्या) गॅस्केट ठेवून चार भोकं आणि चार गळे कापून घेता येतात. अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर देखणा दिसतो पण उष्णता तशीच वर नेतो. शीट कापण्याआधी एअर क्लीनरवर मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळू लावा. गोळा किती दबला त्यावरून उरलेली जागा कळते. मॅनिफोल्डखालून जाणारी एक्झॉस्टची वाटही इथे बंद केलेली चालते. ती बर्फाळ मुलखासाठी आहे.

लावताना

आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते, मग कार्बोरेटर. छोट्या शेव्हीला स्लोवर १० ते १२ डिग्री आणि ३००० च्या आसपास एकूण ३४ ते ३६. टायमिंग मागे असताना स्लो वाढवून इंजिन धरून ठेवलं की पुढचं सगळं चुकतं.

ते कसं चुकतं हे एकदा कार्बोरेटर उलटा करून बघण्यासारखं आहे. थ्रॉटल प्लेटच्या कडेला गळ्याच्या भिंतीत एक उभी बारीक फट दिसेल. तिला ट्रान्सफर स्लॉट म्हणतात. एक्सलेटर थोडासा दाबला की प्लेट सरकून ती फट उघडी पडते आणि मुख्य जेट सुरू होईपर्यंतचं पेट्रोल तिच्यातून येतं. स्लोवर प्लेटच्या खाली ती फट चौकोनी, २० ते ४० थाऊ, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर दिसली पाहिजे. स्लोचा स्क्रू आवळत नेला की फट लांबुळकी दिसू लागते. आता स्लोलाच तिच्यातून पेट्रोल येतंय, म्हणून मिक्स्चरचे स्क्रू फिरवले तरी फरक पडत नाही. आणि पाय टेकवल्यावर द्यायला फटीत काही उरलेलं नाही, म्हणून गचका. उपाय हॉलीत सोपा आहे. पुढची प्लेट चौकोनी फटीवर परत आणा आणि कमी पडणारी हवा मागच्या दारांच्या स्टॉप स्क्रूनं द्या. तो स्क्रू खालच्या बाजूला लपलेला असतो, पाव ते अर्धा फेरा पुरतो.

मग मिक्स्चरचे स्क्रू हलकेच पूर्ण आत आणि दीड फेरा बाहेर. गेज जास्तीत जास्त ओढ दाखवेल तिथे दोन्ही बाजू सारख्या लावा. स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिन चालत राहिलं तर पेट्रोल दुसरीकडून येतंय: एकतर फट जास्त उघडी, नाहीतर पॉवर व्हॉल्व्ह फाटलेला.

पेट्रोलचा दाब हॉलीला ६ ते ६.५ पीएसआय, एडलब्रॉकला ५ ते ५.५. इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर रेग्युलेटर पाहिजेच. हॉलीच्या बाउलला बाजूला प्लग असतो. इंजिन थंड असताना तो काढा, पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं दिसावं. एडलब्रॉकचा फ्लोट झाकण उलटं धरून ११ मिलिमीटरवर. इलेक्ट्रिक चोकची वायर चावीवरच्या १२ व्होल्टला जोडा, कॉइलला नको. तिथे व्होल्टेज कमी मिळतं आणि चोक अर्धवट बंद राहतो.

पिकअपला अजून अडखळत असेल तर कार्बोरेटरमधून फट् असा आवाज येतो की मागून काळा धूर, ते बघा. फट् आवाज म्हणजे पेट्रोल कमी, शूटरचं (अ‍ॅक्सिलरेटर पंपाची धार जिथून पडते त्याचं) भोक ३१ वरून ३५ करा. धूर म्हणजे जास्त, उलटं जा. पंपाच्या लिव्हरला पूर्ण एक्सलेटरवर १५ थाऊची फट हवी, आणि एक्सलेटर हलताक्षणी धार पडली पाहिजे, नंतर नको.

जेटला ड्रिल मारणं आणि तारेनं टोकरणं बंद करा. भोकाबरोबरच जेटच्या तोंडाचा उतार आणि आतला गुळगुळीतपणा यावरही त्याचा नंबर ठरतो. ड्रिल मारल्यावर तो कुठलाच नंबर राहत नाही, आणि पुढचा माणूस शिक्का वाचून फसतो. साफ करायला अल्ट्रासॉनिक मशीन चांगलं, सराफाकडे दागिने धुवायला असतं त्याच जातीचं. त्याआधी रबर आणि डायफ्राम सगळे काढून घ्या.

जुना कार्बोरेटर घेताना थ्रॉटलची दांडी वरखाली हलवून बघा. खुळखुळत असेल तर तिथून हवा आत जाते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. ब्राँझचे बुश टाकून ती बसवणं उद्यमनगरातल्या लेथवाल्याला अवघड नाही, पण दोन्ही बाजूंचं भोक एका रेषेत, एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा, नाहीतर दांडी जाम होते आणि एक्सलेटर परत येत नाही. पायाही सरळ पट्टी ठेवून पाहा. नट वेडेवाकडे आवळल्यानं कान वाकलेला असतो.

चाचणीला वाघबीळवरून पन्हाळ्याचा चढ चांगला. वर पोचल्यावर लगेच, स्लोवर न ठेवता, इंजिन बंद करून प्लग काढा. आठही प्लगांचा रंग एकमेकांशी ताडून बघा आणि जेट, रॉड, स्प्रिंग, पॉवर व्हॉल्व्ह यांचे नंबर तारखेसह लिहून ते कार्ड एअर क्लीनरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर जूनच्या आधी टाकी एकतर काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा. अर्ध्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेतं, प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो, आणि दसऱ्याला गाडी काढताना पंप पहिल्यांदा तोच थर कार्बोरेटरमध्ये ढकलतो. बाउलही रिकामे करा: टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.